गुरुवारच्या तासाबद्दल अभिप्राय

शिंदे घाटाच्या वरची गल्ली, वाराणसी
७ नोव्हेंबर २०२५

मृणालिनी,

दोन वर्षांनी लिहिते आहे. फोन केला असता तर तू बोलली असतीस आणि मी ऐकत बसले असते, आपलं लहानपणापासून तसंच चालत आलं आहे. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तुझ्या मुलाने, सुश्रुतने, तुला इंदूरला नेलं, हे गणपतीच्या देवळात कळलं. लवकर बरी हो. पण हे पत्र चौकशीचं नाही.

तुझ्या कॉलेजने पत्रकारितेच्या पदवीची तपासणी करायला तिघांची समिती नेमली आहे. कोर्स चालू ठेवायचा की बंद करून मुलं हिंदी विभागात टाकायची, एवढंच ठरवायचं आहे. एक लखनऊचे निवृत्त प्राध्यापक, एक इथल्या दैनिकाचे संपादक आणि तिसरी मी. ‘समाज से एक जागरूक पाठक’ असा माझा हुद्दा आहे. प्राचार्य स्वतः घरी आले होते. म्हणाले, “माताजी, संपादक के नाम आपके पत्र हम बीस बरस से पढ़ रहे हैं.” सत्तेचाळीस छापून आले आहेत माझे. मी म्हटलं, मी इंटर पास, बी.ए.ची तपासणी काय करणार? तर म्हणाले, “जो पढ़ता है, वही तो जाँचेगा.”

तू विभागप्रमुख, आणि तुझा कोर्स मी तपासायचा! इंटरला मला तुझ्याहून अकरा मार्क जास्त होते. तू युनिव्हर्सिटीत गेलीस आणि मी बोहल्यावर. पुढचं सगळं मी वाचनालयातून आणून, कपाटांच्या क्रमाने वाचलं. कोणतं पुस्तक आधी आणि कोणतं नंतर, हे सांगणारं कुणी नव्हतं. तुला होतं. बोलावणं आलं तेव्हा मला आनंद झाला, आणि तो काही चांगल्या मनाचा आनंद नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते.

मंगळवारी जाऊन आले. चाळीस जागा आहेत, पहिल्या वर्षाला मुलं चौदा. कॉम्प्युटरवर भरतकामाची कापडं घातली आहेत, देव झाकावेत तशी. दोन कॅमेरे आहेत, ते कपाटात. कपाटाची किल्ली बाबूकडे आणि बाबू बहिणीच्या लग्नाला बलियाला. वाचनाच्या टेबलावरचे पेपर चार दिवसांपूर्वीचे होते. जिथे बातम्या लिहायला शिकवतात तिथे चार दिवसांपूर्वीचे पेपर!

भिंतीवर यांचा फोटो आहे. हार ताजा होता. माझ्या घरच्या फोटोला त्या दिवशी परवाचा होता.

अडतीस वर्षं हे पेपरच्या डेस्कवर होते. आठवड्याला एकच सुट्टी, गुरुवारची. त्यातली शेवटची अकरा वर्षं ती सुट्टीही त्यांनी तुझ्या वर्गाला दिली. मानधनही घेत नव्हते, तू सांगायचीस सगळ्यांना कौतुकाने. मला कुणी विचारलं नाही की तुझा गुरुवार देऊ का.

आणि तेराव्याला तू माझ्या घरात येऊन रडलीस. इतकी रडलीस की माझ्या जावेने पाण्याचा पेला आधी तुला दिला. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही. का ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. हे ते कारण.

कोर्सबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही. नीट पाहून, विचारपूस करून लिहीन.

बकुळ


१४ नोव्हेंबर

मृणालिनी,

तुझ्या जागी सध्या यज्ञेश सगळं बघतो. करारावरचा शिक्षक, दर वर्षी जूनमध्ये त्याचा जीव टांगलेला. त्याच्याकडून मी पास झालेल्यांची यादी मागून घेतली. पदवी काय कामाची हे ज्यांनी घेतली त्यांनाच विचारावं, एवढं मला समजतं. एकसष्ट नावं होती, चोवीस फोन लागले. सहा जण वर्तमानपत्रात नाही तर चॅनेलात आहेत. दोघी शाळेत शिकवतात. एक जण हॉस्पिटलची माहितीपत्रकं लिहितो. एकाचा फोटो स्टुडिओ आहे. एक वडिलांच्या साडीच्या दुकानात बसतो, तो म्हणाला, “आंटी, बेचता साड़ी हूँ, पर अख़बार वाला मुझे बेवकूफ़ नहीं बना सकता.”

त्या कोर्समध्ये काय शिकलात, असं मी प्रत्येकाला विचारलं. कॅमेऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. तुझ्या ‘संचार के सिद्धांत’चंही नाही, माफ कर. चोवीसातले एकोणीस म्हणाले, गुरुवार वाली क्लास. एकाने तर यांची नक्कलही करून दाखवली फोनवर. चष्मा कपाळावर ढकलून थांबायचे म्हणे, आणि मग एखादं वाक्य टाकायचे की पोरं बाकावर लोळायची. मी एकेचाळीस वर्षं यांच्याबरोबर काढली. यांची नक्कल करता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. नक्कल करायची तर आधी माणसाला काही बोलावं लागतं.

म्हणून काल, गुरुवारी, मी तो तास बघायला गेले. तो आता यज्ञेश घेतो.

माझ्या शेजारी तिसऱ्या वर्षाची हिमानी बसली. रामनगरहून येते, वडिलांचं तिकडे किराणाचं दुकान. मुळ्ये आडनाव ऐकून लगेच मराठीवर आली. “आम्ही घरी मराठीच बोलतो आजी. फक्त भांडण हिंदीत करतो.” तिला हे पहिल्या वर्षी चार महिने शिकवायला होते.

यज्ञेशने जुन्या पेपरच्या पानांच्या झेरॉक्स वाटल्या. पुलावर टेम्पो उलटून चार मजूर बायका जखमी झाल्याची बातमी होती. बाजूच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, मराठीत: ‘चौघींची नावं नाहीत. टेम्पोच्या मालकाचं आहे. का?’ खाली यांच्या अक्षरात त्याचं हिंदी.

“बताइए,” यज्ञेश म्हणाला, “पाठिका जी यहाँ क्यों रुकीं?”

मागून एक मुलगा म्हणाला, “सर, पाठिका जी का मूड ख़राब था.”

“पाठिका जी का मूड सन दो हज़ार बारह से ख़राब है,” दुसरा. सगळा वर्ग हसला. यज्ञेशही हसला. मग एक मुलगी उठून म्हणाली, की मालकाचं नाव पोलिसांच्या कागदात होतं आणि बायकांची नावं विचारायला हॉस्पिटलात जावं लागलं असतं; बातमीदार गेलाच नाही. पाठिकेने, समासात लिहिणाऱ्या त्या वाचक बाईने, ते पकडलं. मुलगी बरोबर होती. अगदी बरोबर.

त्याच पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘तूरडाळ संपली.’ मुलं एका सुरात म्हणाली, “दाल ख़त्म!” मला काही समजेना. हिमानी कानाशी लागून सांगू लागली, “ढुंढिराज सर सांगायचे, ज्या बातमीत पोटात जाईल असं काहीच नसतं तिथे पाठिकाजी असं लिहितात. आता आम्ही सगळ्यालाच म्हणतो. भाषणाला, पिक्चरला. मला मराठी येतं ना, मला माहीत होतं ती किराणाची आठवण आहे. पण सरांनी असे डोळे केले, की गप्प बस.”

मृणालिनी, त्या दिवशी डाळ लिहिली होती कारण डाळ संपली होती.

तुला सगळं माहीत असेल तर हे वाचायची गरज नाही, तरी लिहिते. दुपारचं आवरलं की मी निळी पेन्सिल घेऊन पेपर वाचायची. हे दिवसभर तो पेपर बनवायचे आणि घरी त्याबद्दल एक शब्द काढायचे नाहीत. ही बातमी पहिल्या पानावर का, हे ‘सूत्रांकडून’ म्हणजे कुणाकडून, असं मी समासात विचारायची. कधी त्यांच्या स्वतःच्या बातमीवरही. पेपर त्यांच्या उशाशी ठेवायची. उत्तर कधी आलं नाही. गुरुवारी गठ्ठा पिशवीत भरून न्यायचे, म्हणायचे, रद्दीला टाकतो. मला वाटायचं, न वाचताच टाकतात.

मी त्यांना लिहीत होते. त्यांनी ते तुझ्या वर्गाला वाचून दाखवलं.

तास संपल्यावर मी अभिप्रायाच्या कागदावर चार ओळी लिहून सही केली. हिमानीने तो कागद पाहिला, हातातली झेरॉक्स पाहिली. “आजी, हे तुमचं अक्षर आहे.”

मी म्हटलं, “नाही. अशी अक्षरं पुष्कळांची असतात.”

आणि निघताना यज्ञेशने पाठ्यक्रमाचं पुस्तक दिलं. चौथा पेपर: ‘पाठिका की टिप्पणियाँ’. त्याखाली: ‘संकल्पना: डॉ. मृणालिनी धामणकर, श्री ढुंढिराज मुळ्ये’.

तुला माहीत होतं का, एवढंच कळव.

बकुळ


२१ नोव्हेंबर

मृणालिनी,

तुझं पत्र मिळालं. ‘हो, पहिल्या गुरुवारपासून माहीत होतं’ हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. आडवळण घेतलं नाहीस, ते बरं केलंस.

समितीसाठी माझं नाव तूच सुचवलं होतंस, हेही वाचलं. मी सत्तेचाळीस पत्रांच्या भ्रमात होते. तू लिहितेस, तोंडाने सांगायचा धीर झाला नाही म्हणून तिथे पाठवलं. चुकून दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तू स्वतः पाहिलेलं बरं, असं तुला वाटलं. शाळेतही तू असंच करायचीस. काच तू फोडायचीस आणि मला ‘जरा आत जाऊन बघ ना’ म्हणायचीस.

मला सांगायचं नाही, अशी यांनी तुला शपथ घातली होती, हे मी मानते. त्यांचं वाक्य तू जसंच्या तसं दिलं आहेस: ‘तिला कळलं तर ती वर्गासाठी लिहायला लागेल, आणि मग त्यात तिचा राग उरणार नाही.’ हे वाक्य तू रचलेलं नाहीस, मला लगेच ओळखू आलं. चांगलं वाक्य आहे. संपादकाचं आहे. नवऱ्याचं नाही.

पुढे तू लिहितेस की वर्गात ते अभिमानाने बोलायचे. कुणाबद्दल? पाठिकेबद्दल. शहरातली ती एकटीच खरी वाचक आहे, असं म्हणायचे. तिच्या भीतीने रात्रपाळीत आपण दोनदा आकडे तपासतो, असं म्हणायचे. हे वाचून मला बरं वाटेल असं तुला वाटलं असणार. मला काय वाटलं ते सांगते. इतकी वर्षं मी तुझा हेवा केला. तुझ्या डिग्रीचा, तुझ्या गुरुवारांचा, यांच्या फोटोसमोर तुला येतं तसल्या रडण्याचा. आता तो हेवा तुझ्यावरून उठला आणि त्या पाठिकेवर जाऊन बसला. तिच्याशी हे अकरा वर्षं बोलले. तिची थट्टा केली, तिला भ्यायले. माझ्याशी बोलायचे ते पाणी गेलं का आणि सिलिंडर आला का. मला माझाच हेवा वाटतो, हे कुणाला सांगितलं तर हसतील. तू हसू नकोस.

हे गेल्यापासून मी पेपर वाचते, पण समास कोरा राहतो.

आता मी एक कबूल करते. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की माझं मत बनलेलं नाही. ते खोटं होतं. त्याच मंगळवारी, यांच्या फोटोचा हार पाहून बाहेर आले आणि प्राचार्यांच्या खोलीत बसून लेखी मत देऊन टाकलं: ‘पाठ्यक्रम बंद किया जाए.’ कारणं तीन दिली, मुलं कमी, सामान कपाटात, पेपर शिळे. तिन्ही खरी आहेत. पण मी त्यांच्यामुळे लिहिलं नव्हतं. तो गुरुवार मला मिळाला नाही तर कुणालाच मिळू नये, म्हणून लिहिलं.

संपादकही बंदच्या बाजूचे आहेत. प्राध्यापक चालू ठेवा म्हणतात. म्हणजे माझ्या मतावर अडलं आहे. अठ्ठावीसला शेवटची बैठक. बंद झाला तर यज्ञेश घरी बसेल. तिन्ही वर्षांची मिळून चाळीस-एक मुलं आहेत, ती हिंदी विभागाच्या मागच्या बाकावर जातील. ती टेम्पोच्या बातमीवर उठलेली मुलगी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिचं नाव मीही विचारलं नाही, बघ.

मत बदलता येतं, पण काय सांगून बदलू? चालू ठेवा म्हणावं, तर माझंच लिहिणं मीच पास करते. बंद करा म्हणावं, तर स्वतःच्याच हाताने ते गठ्ठे या वेळी खरोखरच रद्दीत घालते. तुला सल्ला विचारत नाही. सांगते आहे फक्त.

बकुळ


२९ नोव्हेंबर

मृणालिनी,

काल बैठक झाली. तुला कॉलेजकडून कागद येईलच, पण तिथे काय झालं ते त्यात नसेल.

आधी संपादक बोलले. पत्रकार न्यूज़रूममध्ये घडतो, कॉलेजात नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या डिग्रीवाल्यांना धड शीर्षक लावता येत नाही, वगैरे. त्यातलं निम्मं खरं असेल. मी हात वर केला.

“आपके यहाँ ख़बर में से औरतों के नाम कौन काटता है?”

“काटता कोई नहीं, माताजी. जगह कम पड़ती है.”

“टेम्पो वाले का नाम पूरा छपा था. उसकी ट्रैवल्स का भी.”

यज्ञेश कोपऱ्यात नोंदी घेत बसला होता. त्याची पेन्सिल थांबली. संपादक म्हणाले, कोणती बातमी? मग मला झेरॉक्स काढून द्यावी लागली. त्यांनी वाचली. समासही वाचला. म्हणाले, “यह पाठिका जो भी हैं, इनको तो मैं कल नौकरी दे दूँ.”

मृणालिनी, त्या क्षणी मला गप्प राहता आलं असतं. ‘चालू ठेवा’ एवढंच म्हटलं असतं तर दोन विरुद्ध एक झाले असते आणि काम झालं असतं. पण आयुष्यभर मी लोकांना समासात विचारत आले, की हे कोण बोलतंय आणि यात त्याचं काय आहे. मग मी म्हटलं, “पाठिका मैं हूँ.”

यज्ञेश उभा राहिला. का उभा राहिला ते त्यालाही माहीत नसावं, कारण तो लगेच बसला. लखनऊचे प्राध्यापक तोवर डोळे मिटून होते, ते जागे झाले. “तब तो नियम से इनका मत गिना नहीं जा सकता.”

“नहीं गिनना चाहिए,” मी म्हटलं. “पहले वाला भी नहीं. वह मैंने जलन में लिखा था.”

प्राचार्य म्हणाले, “किससे जलन, माताजी?”

“यह कार्यवाही में मत लिखिए.”

आणि मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. हिमानी दोन कुल्हड चहा घेऊन आली. एक माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली.

“खोटं बोललात माझ्याशी.”

“बोलले.”

“पाठिकाजी असं करतात?”

“त्या नाही करत. मी केलं.”

“मग त्या टेम्पोच्या पानावर शेवटी काय लिहिलंत ते आता मी सगळ्यांना सांगू? डाळीचं?”

मी म्हटलं, “नको सांगूस. आता ते तुमचंच राहू दे.” इतकं हसली की चहा सांडला ओढणीवर. मग तिने यांच्याबद्दल एक सांगितलं. पहिल्या वर्षी एकदा कुणीतरी विचारलं होतं, सर, पाठिका जी आपको कभी शाबाशी देती हैं? हे म्हणाले होते, “अभी तक तो नहीं. इसीलिए तो नौकरी कर रहा हूँ.” मी त्यांना कधी शाबासकी दिली नाही, हे खरं आहे. समासात चांगलं लिहायची जागा असते, हे मला सुचलंच नाही. त्यांना ती हवी होती का, हे मी आता कुणाला विचारू? तुझ्याकडे याचं उत्तर असेल तर तेही देऊ नकोस. काही तरी माझ्याकडे राहू दे, जे तुला आधी माहीत नाही.

पाऊण तासाने आत बोलावलं. मतं एकास एक राहिली होती, प्राचार्यांनी स्वतःचं मत चालू ठेवण्याकडे टाकलं. दोन वर्षं. अटी आहेत: पहिल्या वर्षाला किमान पंचवीस मुलं, कॅमेऱ्याची किल्ली शिक्षकांकडे, वाचनाच्या टेबलावर रोजचे पेपर रोज. यज्ञेशला दोन वर्षांचा करार. तो बाहेर येऊन माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला अडवलं. गुरुवारी येऊन शिकवा, म्हणाला. मी नाही म्हटलं. मला शिकवता येत नाही, विचारता येतं. प्रश्न असतील तर घरी पाठव, असं सांगितलं. त्या टेम्पोवाल्या मुलीला आधी पाठव म्हटलं. तिचं नाव संपदा आहे.

शेवटची अट संपादकांनी घातली, मी नाही. चौथ्या पेपरवरचं ‘संकल्पना’चं नाव दुरुस्त करावं. प्राचार्य तिथेच बदलायला तयार होते, पण पाठ्यक्रमातला बदल विभागप्रमुखाच्या हस्ताक्षरातच जातो. फॉर्म या पत्रासोबत आहे. यज्ञेशने सगळा भरला आहे, तेवढी एक ओळ मी कोरी ठेवायला सांगितली.

ती तू भर. पेनाने, तुझ्या हाताने, टाइप करून नको. तुझं नाव काढ असं मी म्हणत नाही. तो वर्ग तू उभा केलास, माझे कागद इतकी वर्षं जपलेस, हे मी पाहिलं आहे. पण पहिलं नाव माझं लिही. पूर्ण, आडनावासकट. त्याखाली तुझं.

यांचं सगळ्यात शेवटी.

बकुळ